बापलेकांचं द्रव्य

१९४९ साल, मार्च महिना, होळीनंतरचा पहिला रविवार. रक्कम दरमहा तीस रुपये. हजर माझे वडील, माझे थोरले मामा आणि मी. जागा कल्याणच्या आमच्या घराची ओटी. आई आत स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती. तिला हजर धरायचं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती काही बोलली नाही, आणि तिला कोणी विचारलंही नाही.

ठरलं ते असं. ठाण्याच्या गिरणीत, हिशेब खात्यात, मला जो पगार मिळे त्यातले तीस रुपये दर महिन्याला कल्याणला आणून द्यायचे. उरलेल्यात मी आणि माझी बायको कुसुम यांनी ठाण्यातच, खोपट भागात, भाड्याच्या खोलीत राहायचं. तोवर सगळा पगार वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, हातात जात असे आणि आम्हाला लागेल ते ते काढून देत. भांडण असं काही झालं नव्हतं. जागा कमी पडत होती, सासूसुनेचं फारसं जमत नव्हतं, आणि मला माझे पैसे माझ्या हाताने मोजायची फार इच्छा होती. यातलं शेवटचं कारण मी त्या दिवशी सांगितलं नाही.

मार्च आला की खाडीकडच्या मिठागरांत पांढऱ्या राशी उभ्या राहतात. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून त्या दिसतात. आत वर्षअखेरीचे हिशेब चाललेले असतात, कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड असतात, आणि बाहेर ऊन त्या राशींवरून उसळून डोळ्यांत येत असतं. वाऱ्याला खारट, जरासा कुबट वास असतो. पलीकडे शेतांत भाताच्या रोपांसाठी राब भाजायला सुरुवात झालेली असते, त्याचा धूर सरळ वर जातो आणि मग आडवा होतो. यंदाही तसंच सगळं आहे. १९५८ साल आहे, अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली, मी चाळिशी ओलांडली. तरी ही हवा सुटली की मला त्या ओटीवर जाऊन बसावं लागतं, आणि मग तिथून उठून खाडीकडच्या ब्रदरांच्या घरी जावं लागतं. दोन्ही जागा माझ्या मनात एकमेकींना अशा चिकटल्या आहेत की एकीचं दार उघडलं की दुसरीत पाऊल पडतं.

ते घर म्हणजे ख्रिस्ती संन्याशांचं विद्यालय होतं. फादर होण्याआधी मुलं तिथे तीन वर्षं तत्त्वज्ञान शिकत. मग दूरच्या मोठ्या विद्यालयात जाऊन चार वर्षं ईशज्ञान, म्हणजे परमेश्वराविषयीचं शास्त्र, शिकत. तोपर्यंत त्यांना ब्रदर म्हणत. सगळं शिक्षण लॅटिनमध्ये. पण पुढे काम करायचं ते आमच्या खेड्यांत, म्हणून मराठी शिकवायला त्यांना कोणी तरी हवं होतं. गिरणीतल्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याने माझं नाव सुचवलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी जायचं, महिना पंधरा रुपये. १९४८ च्या दिवाळीनंतर मी जायला लागलो.

मला वाटलं होतं की तिथे फार गंभीर वातावरण असेल. पहिल्या दिवशी गेलो तर पांढरे झगे कमरेला खोचून वीसेक तरुण व्हॉलीबॉल खेळत होते आणि एकमेकांना खोटारडा म्हणत होते. घंटा झाली. चेंडू हवेत होता, तो कोणी मारला नाही. तो खाली पडून चार उड्या मारत कुंपणाशी जाऊन थांबला आणि सगळे गप्प आत गेले. ती शिस्त पाहून माझ्यातल्या हिशेबनिसाला फार बरं वाटलं.

माझ्या वर्गात जो सगळ्यांत जास्त प्रश्न विचारी तो ब्रदर सिल्व्हेस्टर. मंगळूरकडचा, घरची भाषा कोंकणी. उंच, बारीक, कान मोठे. त्याचं मराठी पुस्तकी आणि स्वच्छ होतं, कारण ते सगळं मीच शिकवलेलं होतं. एकच चूक तो सोडीना. स्वतःच्या वस्तूला तो ‘आमची’ म्हणे.

“मास्तर, आमची पेन्सिल हरवली.”

“किती जणांची आहे ती?”

“एकाचीच. माझ्याजवळ असते.”

“मग ‘माझी’ म्हणा.”

“इथे ‘माझी’ म्हणायचे नसते, मास्तर. आमचे काहीच नसते. झगाही घराचा, पुस्तकही घराचे. पेन्सिल संपली तर उरलेला तुकडा दाखवायचा, मग नवी मिळते.”

मी त्याला सांगितलं की मराठीत यासाठी आणखी एक शब्द आहे. ‘आमची’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपली’ म्हटलं की तोही त्यात येतो. त्याला हे इतकं आवडलं की त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलताना ‘आपली पेन्सिल’, ‘आपला दिवा’, ‘आपली चप्पल’ म्हणायला लागला. मी घरी येऊन कुसुमला सांगितलं की आता एका चपलेत माझाही हिस्सा आहे. ती म्हणाली, “उजवी घ्या. डावी लवकर झिजते.”

त्यांच्या वादसभा मी खिडकीबाहेरून ऐकल्या आहेत. एकाने सिद्धान्त मांडायचा, दुसऱ्याने आक्षेप घ्यायचे. आक्षेपाचं प्रत्येक वाक्य घेऊन पहिल्याने म्हणायचं, मान्य. किंवा, अमान्य. किंवा, यात भेद करतो: या अर्थी मान्य, त्या अर्थी अमान्य. लॅटिन मला येत नव्हतं, पण ब्रदर सिल्व्हेस्टरने ही रीत समजावून सांगितली तेव्हा मी चकित झालो. हे मला माहीत होतं. अण्णा संस्कृतचे शिक्षक. लहानपणी संध्याकाळी ओटीवर बसून त्यांनी मला तर्कशास्त्र शिकवलं होतं. मलंगगडाच्या अंगाला वणवा लागलेला असे, आणि ते विचारीत, “गजा, डोंगरावर धूर आहे. मग काय?” मी म्हणे, “अग्नी आहे.” “कशावरून?” की पुढे तासभर चाले. पृथ्वी, आप, तेजापासून आत्मा आणि मनापर्यंत नऊ द्रव्यं मी बोटांवर मोजत असे. एक बोट कायम उरे, आणि अण्णा म्हणत, ते तू शोधून काढ.

ब्रदरांना मी हे सगळं सांगे, आणि ते वह्या काढून उतरवून घेत. त्या खोलीत माझा फार मान होता. रॉकेलच्या दिव्याभोवती किडे, बाहेर खाडीची ओहोटी, आणि अण्णांची विद्या माझ्या तोंडून बाहेर पडत होती. तिचे महिन्याला पंधरा रुपये माझ्या खिशात येत होते.

आता त्या रविवारी ओटीवर काय झालं ते लिहितो. तीस रुपये ठरल्यावर मामांनी पान लावायला घेतलं. अण्णा सहज म्हणाले, “आणि ते पाद्र्यांकडचे पंधरा?”

मी म्हणालो, “ते माझे.”

“तुझे कसे?”

आणि मी त्यांच्याच पद्धतीने सुरू केलं. पण त्यात सफाई आली होती ती खाडीकडची. म्हणालो, “पगारातला हिस्सा घरचा, मान्य. शिकवणी घरची, अमान्य. विद्येच्या कमाईत भेद आहे. पूर्वी ती एकत्र कुटुंबाची धरत, आता कायद्याने ज्याची त्याची.”

मामा म्हणाले, “वकील झाला की काय हा?”

अण्णा हसले. खरोखरच हसले, कारण युक्तिवाद चांगला होता आणि तो त्यांच्या शिष्याने केला होता. मग म्हणाले, “कायदा राहू दे. तर्कशास्त्र तुला कोणी शिकवलं?”

“तुम्ही.”

“मग?”

मी म्हणालो, “त्याची फी सांगा, देऊन टाकतो.”

मामांच्या हातातलं पान तसंच राहिलं. आत भांड्याचा आवाज झाला आणि थांबला. अण्णांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला, आणि मामांना म्हणाले, “चुना कमी लावा.”

वाक्य बोललो तेव्हा ते मला हजरजबाबी वाटलं होतं. मी सरळ बोलणारा माणूस म्हणून ओळखला जातो, आणि तोपर्यंत मला त्याचा अभिमानच होता.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी तीस रुपये नेले. अण्णांनी ते मोजले, आत गेले आणि पावती घेऊन आले. सुंदर, वळणदार अक्षरात. “चि. गजानन याजकडून रुपये तीस मिळाले.” वीस रुपयांच्या वरची पावती, म्हणून खाली एक आण्याचं तिकीट लावायचं होतं. ते हातात धरून त्यांनी विचारलं, “याचा आणा तुझा की माझा?”

“घेणाऱ्याने लावायचा असतो,” मी म्हणालो. हिशेब खात्यात काम करत असल्यामुळे मला ते माहीत होतं.

“बरं,” ते म्हणाले, आणि तिकीट जिभेने ओलं करून चिकटवलं आणि त्यावर सही केली. माझ्या बापाने माझ्यासाठी तिकीट चाटलं, हे आज मी लिहू शकतो. तेव्हा मी फक्त सही तिकिटावरून कागदावर नीट आली आहे का ते पाहिलं. तीस रुपये त्यांच्या शेवटच्या महिन्यापर्यंत चालू राहिले, आणि पावत्याही.

त्याच दिवसांत ब्रदरांच्या घरी परीक्षा जवळ आल्या होत्या. तीन वर्षांच्या सगळ्या तत्त्वज्ञानाची एकच तोंडी परीक्षा, लॅटिनमध्ये, चार फादरांपुढे. आवारात आंब्याखाली, विहिरीशी, मिठागराच्या बांधावर, जिथे पाहावं तिथे पांढरे झगे पुटपुटत फेऱ्या मारताना दिसत. त्यांचा उपवासाचा काळही तोच. सगळे सुकले होते. ब्रदर सिल्व्हेस्टरचे कान आणखी मोठे दिसत होते.

त्याला आणखी एक काम होतं. रेक्टर फादरांनी, म्हणजे त्या घराच्या मुख्य फादरांनी, सांगितलं होतं की ईशज्ञानासाठी पाठवण्याआधी त्याने खाडीकाठच्या एका ख्रिस्ती वस्तीत मराठीतून धर्मोपदेश करून दाखवावा. विषय पवित्र त्रैक्य. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे, तरी परमेश्वर एकच, तो कसा. माझ्यासमोर कागद ठेवून तो म्हणाला, “मास्तर, मुख्य शब्दच अडला आहे. जे स्वतःच्या आधाराने असते, ज्याच्यावर गुण राहतात, ते. पित्याचे आणि पुत्राचे ते एकच आहे, असे सांगायचे आहे. मराठीत काय म्हणतात?”

मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. “द्रव्य,” मी म्हणालो. अण्णांनी शिकवलेला शब्द. व्याख्येला तंतोतंत बसणारा. त्याच्या कोंकणीत पैशाला दुडू म्हणतात, त्यामुळे त्याला कसलीच शंका आली नाही. मला यायला हवी होती. मी दिवसभर पैसेच मोजत होतो. पण दिव्याशी बसलो की मी अण्णांचा विद्यार्थी असे, आणि तिथे द्रव्य म्हणजे पैसा नसतो.

एप्रिलअखेरचा रविवार. वस्तीतल्या लहान देवळासमोर झावळ्यांचा मांडव घातला होता. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपून लोक मांडवात बसले होते. मिठागरांत राबणारी, भातशेती करणारी माणसं. बायकांची लाल लुगडी, पोरांच्या हातात जांभळं. रेक्टर फादर खुर्चीवर. मराठी तपासायला म्हणून मला बोलावलं होतं, पण मी मागे खांबाशी बसलो.

ब्रदर सिल्व्हेस्टर उभा राहिला. आवाज स्पष्ट होता. “पिता आणि पुत्र हे दोन आहेत. परंतु त्यांचे द्रव्य एकच आहे.”

मांडवात थोडी चुळबुळ झाली.

“पित्याने पुत्राला आपले सर्व द्रव्य दिले. हातचे काही राखले नाही. आणि तरीही पित्याचे काही कमी झाले नाही.”

पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने शेजारी बसलेल्या आपल्या मुलाला कोपर मारलं. हा पास्कू, आणि मुलगा मातेस. मातेसने शिमग्याच्या आधी चूल वेगळी केली होती, हे मला नंतर कळलं. तिथल्या बाकी सगळ्यांना ते आधीच ठाऊक होतं.

“आयकलंस का रं?” पास्कू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

“पुत्राने ते घेऊन वेगळे काढले नाही,” ब्रदर म्हणाला. “त्यात वाटणी नाही.”

“ब्रदर, ह्ये आमच्या मातेसला परत सांगा.”

मांडव हसला. बायकांनी पदर तोंडाला लावले. मातेस मान खाली घालून जमिनीवर काडीने रेघा ओढायला लागला. ब्रदर सिल्व्हेस्टरला वाटलं, लोकांना गूढ उकललं आणि आनंद झाला. त्याचाही चेहरा उजळला. त्याने दोन्ही हात उंचावले आणि आणखी मोठ्याने म्हणाला, “वाटणी नाही. पित्याजवळ जे आहे ते पुत्राचे, आणि पुत्राजवळ जे आहे ते पित्यापासूनच आलेले आहे.”

सगळे हसत होते. रेक्टर फादरही रुमालात तोंड लपवत होते. मी एकटा हसत नव्हतो. वस्तीतलं कोणी मला ओळखत नव्हतं. माझी खोली खोपटला आणि वडील कल्याणला असतात हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. तरी माझे कान तापले आणि मी खांबाच्या आड सरकलो. मातेसच्या रेघांकडे मी पाहत होतो. त्याला निदान त्याचा बाप सर्वांसमोर कोपर मारत होता. माझ्या बापाने मला फक्त पावती दिली होती.

परत येताना आम्ही दोघं बांधावरून चाललो. दोन्ही बाजूंना मिठाच्या राशी, डोळे उघडवत नव्हते. तो म्हणाला, “मास्तर, लोक का हसले?”

मी सांगितलं. तो थांबला, माझ्याकडे पाहिलं, आणि हसू आवरेना म्हणून बांधावरच खाली बसला. “बापलेकांचे पैसे एकच,” तो म्हणाला. “परमेश्वराला मी दुकानदार केले.” मग डोळे पुसून गंभीर झाला. “म्हणजे मी खोटे बोललो?”

“नाही. शब्द बरोबर आहे. दुसऱ्या अर्थी आहे.”

“आणि पहिल्या अर्थी? बापलेकांचे द्रव्य वेगळे असते का?”

त्याने ते निव्वळ शिकण्यासाठी विचारलं होतं. त्याच्या जगात पेन्सिलसुद्धा वेगळी नव्हती. शेवटची शपथ घ्यायच्या आधी तो त्याच्या वडिलांच्या मंगळूरच्या बागेवरचा हक्क सोडून देणार होता, आणि हे त्याने मला एकदा क्रियापदं चालवताना उदाहरण म्हणून सांगितलं होतं. मला उत्तर देता आलं असतं. भेद करतो, असं म्हणून मी कायदा सांगू शकलो असतो. मी म्हणालो, “ऊन फार आहे, चला.”

रेक्टर फादरांपुढे मी लगेच सांगितलं की शब्द माझा होता, मुलाचा दोष नाही. ते गोव्याचे, जाडजूड, मिस्कील. म्हणाले, “दोष कसला? आम्ही इथे तीन वर्षे बोलतो, इतके कान देऊन कोणी ऐकत नाही. पण पुढल्या वेळी ‘तत्त्व’ म्हणा. ते कोणालाच कळत नाही, सुरक्षित आहे.” ब्रदर सिल्व्हेस्टर तोंडी परीक्षाही पास झाला. मे महिन्यात तो ईशज्ञानासाठी गेला तेव्हा कंपासपेटीत उरलेला पेन्सिलचा तुकडा मला दाखवून म्हणाला, “ही आपली आता इथेच जमा करायची.” शिकवणी संपली. रेक्टर फादरांनी शेवटचे पंधरा रुपये पाकिटात घालून दिले.

ते पाकीट मी खोपटला नेलं नाही. तसाच कल्याणला गेलो. महिन्याचा पहिला रविवार नव्हता, आणि तीस रुपये आधीच देऊन झाले होते, त्यामुळे अण्णांनी मला दारात पाहून आधी विचारलं, “कुसुम बरी आहे ना?”

“बरी आहे.”

ते ओटीवर वाचत बसले होते. मलंगगडाच्या बाजूला धूर दिसत होता. मी पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं.

“हे कसले?”

“ब्रदरांच्या शिकवणीचे. शेवटचे.”

“ते तुझे ठरले होते.”

एकच शब्द म्हणायचा होता. तो शब्द मी त्या मुलांना हिवाळाभर शिकवला होता, ऐकणाऱ्याला आत घेणारा. तो जिभेवर आला नाही. मी म्हणालो, “असू देत.”

अण्णांनी पाकिटातल्या नोटा काढल्या, मोजल्या, खुंटीवरच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या. धुराकडे एकदा पाहिलं. मग पुस्तक उघडून राहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले.

मी उभाच होतो. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. “आता काय राहिलं?”

तेव्हा मला कळलं की मी कशासाठी उभा आहे.

तर शेवटी दिले ते रुपये पंधरा, माझ्या वडिलांना, कल्याणच्या ओटीवर. हजर ते आणि मी, आणि दाराशी आई. त्यांनी पावती लिहिली नाही, आणि मी तिची वाट पाहत उभा राहिलो होतो.